रियोको तानी आणि बीजिंग २००८: चाचणीत हरलेल्या खेळाडूला ऑलिंपिकला पाठवणं बरोबर होतं का?

रेवाची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न जपानच्या ज्युडोपटूबद्दल आहे, पण तो आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक रेवा, वय १३. चार वर्षं ज्युडो शिकते. वर्गात सगळ्यांत बुटकी. सुरुवातीला तिला जोडीला कुणी घ्यायचं नाही. तेव्हा तिच्या सरांनी तिला रियोको तानीच्या जुन्या लढती दाखवल्या. उंची १४६ सेंटिमीटर, वजनगट ४८ किलो, आणि समोरची बाई हवेत! त्या दिवसापासून आमच्या कपाटाच्या दारावर तानीचा फोटो आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जन्म १९७५, फुकुओका. माहेरचं आडनाव तामुरा. मोठ्या भावामागून ज्युडोत आली. १९९२ बार्सिलोना रौप्य, १९९६ अटलांटा रौप्य, २००० सिडनी सुवर्ण, २००४ अथेन्स सुवर्ण, २००८ बीजिंग कांस्य. पाच ऑलिंपिक, पाचही पदकं. जागतिक अजिंक्यपद सात वेळा, १९९३ ते २००३ सलग सहा आणि मग २००७.

आता आमची गोष्ट. गेल्या महिन्यात निवडचाचणी होती. रेवा तिच्या गटातली शेवटची लढत जिंकली. आठवड्याने यादी लागली तर नाव हरलेल्या मुलीचं. कारण काय, तर त्या मुलीची मागची पदकं. रेवा रडली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचे बूट घालता घालता म्हणाली, "आई, तानी पण चाचणीत हरली होती ना? तरी तिलाच पाठवलं होतं ना?"

खरं आहे ते. २००७ मध्ये तानी देशांतर्गत स्पर्धेच्या अंतिम फेरीत तोमोको फुकुमीकडून हरली आणि तरी जागतिक स्पर्धेला तीच गेली. २००८ मध्ये एमी यामागिशीकडून हरली आणि तरी बीजिंगला तीच गेली. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. फोटो कपाटावर अजून तसाच आहे. तुम्हाला काय वाटतं?

तांबडी_माती

ताई, यात विचार करण्यासारखं काय आहे? चाचणी ठेवलीत ना? मग जो जिंकला तो गेला पाहिजे. नसेल पाठवायचं तर चाचणी ठेवूच नका, पोरांना घाम गाळायला कशाला लावता? मी कोल्हापुरात तालमीत वाढलोय. मैदानात ज्याची पाठ लागली तो खाली. त्याच्या घरात गदा किती आहेत ते कुणी विचारत नाही.

तानी मोठीच. पण यामागिशीच्या घरीही आई होती.

सुमेधा_ना

तांबडी_माती, शेवटच्या ओळीला १०० वेळा अनुमोदन.

ओसाकावासी

१४ वर्षं जपानात आहे, मुलगा इथल्या शाळेत ज्युडो करतो, म्हणून थोडी भर घालतो.

तांबडी_माती दादा, इथे गफलत 'चाचणी' या शब्दाची होते आहे. एप्रिलमध्ये होणारी ती स्पर्धा, म्हणजे वजनगटांची निवडक अखिल जपान स्पर्धा, 'जिंकेल तो जाईल' अशी नव्हतीच. निवड समिती ती स्पर्धा, परदेशी स्पर्धांमधली कामगिरी आणि इतर देशांच्या खेळाडूंविरुद्धचा अनुभव असं सगळं एकत्र धरते. त्यामागचा विचार असा, की जपानी खेळाडू एकमेकींचा डाव झोपेतही ओळखतात. घरच्या प्रतिस्पर्ध्याला हरवणं आणि रोमानियाच्या किंवा क्युबाच्या ताकदवान खेळाडूला हरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही २००८ ला इथे बरीच नाराजी होती, हेही तितकंच खरं. तानी म्हणजे इथे घराघरातलं नाव. टोपणनाव 'यावारा-चान', एका गाजलेल्या चित्रकथेतल्या छोट्याशा ज्युडोपटू नायिकेवरून पडलेलं. आणि तिची ती वाक्यं! सिडनीच्या आधी म्हणाली, "साइको दे किन्, साइतेइ देमो किन्", म्हणजे जास्तीत जास्त सुवर्ण, कमीत कमी तेही सुवर्णच. २००३ च्या डिसेंबरमध्ये बेसबॉलपटू योशितोमो तानीशी लग्न झालं, तर अथेन्सच्या आधी म्हणाली, तामुरा म्हणून सुवर्ण, तानी म्हणूनही सुवर्ण. बीजिंगच्या आधी, आई म्हणूनही सुवर्ण. एवढं प्रेम असलेल्या खेळाडूला समितीने निवडलं, की समितीने कामगिरी निवडली, हा प्रश्न लोक विचारणारच.

तांबडी_माती

ओसाकावासी, माहितीबद्दल आभार. पण तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा पक्का होतो. नियम असा ढगळ ठेवला की मोठं नाव त्यात आरामात मावतं. नवीन पोरीने काय करायचं? परदेशी स्पर्धांचा अनुभव पाहिजे म्हणता, आणि अनुभव मिळवायला पाठवत नाही.

क्रीडावेडा_पुणे

निवडीचं नंतर बोलू. आधी कारकिर्दीतला सगळ्यांत विलक्षण दिवस सांगू द्या.

२६ जुलै १९९६, अटलांटा. तामुरा तेव्हा २० वर्षांची. चार वर्षांपूर्वी बार्सिलोनात, महिलांचा ज्युडो पहिल्यांदाच पूर्ण पदकांचा खेळ म्हणून आला तेव्हा, १६ व्या वर्षी अंतिम फेरीत फ्रान्सच्या सेसिल नोवाककडून हरलेली. (उपांत्य फेरीत तिने चार वेळची जगज्जेती ब्रिटनची कॅरन ब्रिग्ज हरवली होती, हे लोक विसरतात.) त्यानंतर ती हरलीच नाही. सलग ८४ विजय. अटलांटाला लोक तिचं सुवर्ण बघायलाच बसले होते.

समोर कोण? उत्तर कोरियाची क्ये सुन-हुई. वय १६. थेट पात्र ठरलेलीही नाही, खास प्रवेशिकेवर आलेली. कुणाला तिचा डाव माहीत नाही, पवित्रा माहीत नाही. तामुरा पूर्ण लढतभर पकड शोधत राहिली आणि ती पोर तिला लय सापडू देईना. शेवटी सुवर्ण क्येचं. ती काही एका दिवसाची पाहुणी नव्हती. पुढे वरच्या गटांत जाऊन तिने चार वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवलं.

त्याच दिवशी पुरुषांच्या ६० किलोत तादाहिरो नोमुराने पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. पुढे सिडनी आणि अथेन्सलाही हे दोघे एकाच दिवशी खेळले आणि दोन्ही वेळा दोघांनाही सुवर्ण. पण अटलांटाच्या रात्री एकाच संघात एक जण शिखरावर आणि एक जण तळाला. तिथून चार वर्षं वाट बघायची, रोज सराव करायचा आणि सिडनीच्या अंतिम फेरीत रशियाच्या ल्युबोव ब्रुलेतोवाला ३६ सेकंदांत उचीमाताने इप्पॉन द्यायचा! मी ती ३६ सेकंदं किती वेळा पाहिली असतील याची गणती नाही. लढत संपल्यावर तिचा चेहरा बघा. आठ वर्षांचं ओझं उतरताना दिसतं.

मृण्मयी_दा

इप्पॉन, उचीमाता वगैरे कुणी सोप्या मराठीत सांगेल का? धागा आवडतोय, पण डावांची नावं आली की अडखळायला होतं.

तांबडी_माती

हे माझ्या आवडीचं काम. इप्पॉन म्हणजे आपलं चितपट. जोरात, ताब्यात ठेवून, पाठीवर टाकलं की कुस्ती तिथेच संपली. वाझा-आरी म्हणजे पाठ नीट लागली नाही, पण डाव चांगला बसला. शिदो म्हणजे ताकीद, म्हणजे नुसतं टाळत बसलात, डाव केला नाहीत तर मिळणारी. उचीमाता म्हणजे समोरच्याच्या दोन पायांमध्ये आपला पाय घालून मांडीने त्याला वर उडवायचं.

आणि तानीचा लाडका सेओइ नागे म्हणजे आपला धोबीपछाड! हात ओढायचा, वळून त्याच्या पोटाखाली शिरायचं आणि खांद्यावरून समोर टाकायचा. धोबी दगडावर कपडा आपटतो तसं. फरक एवढाच की कुस्तीत अंगावर कापड नाही, ज्युडोत जाड कोट असतो, त्यामुळे बाही आणि गळपट्टी धरून ओढता येते. बुटक्याला हा डाव वरदान. उंच माणसाला खाली शिरायला गुडघे खूप वाकवावे लागतात, बुटका आधीच खाली असतो. फक्त आधी समोरच्याचा तोल पुढे आणायला हवा. तोल न मोडता खाली शिरलात तर तो वरून दाबून बसवतो.

मृण्मयी_दा

धोबीपछाड वाचल्यावर सगळं डोळ्यांसमोर आलं. माझ्या सासूबाई बरोब्बर १४६ सेंटिमीटर आहेत आणि ७८ व्या वर्षी गव्हाचं पोतं खांद्यावरून उतरवतात. आता कळलं, ही विद्या त्यांना जन्मजात आहे :)

कराडकर_बापू

कुस्ती आणि ज्युडोचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोळेश्वरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकले, ते ज्या जपानी मल्लाकडून हरले तो शोहाची इशी. त्याने त्या गटात सुवर्ण घेतलं. हा इशी मुळात ज्युडोचा. महायुद्धानंतर जपानात ज्युडोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे आमच्या खाशाबांना हरवलं तेही ज्युडोच्या मुशीतल्या माणसाने. त्या लढतीनंतर खाशाबांना विश्रांती न देता लगेच पुढची कुस्ती लढायला लावली होती.

आणि निवडीचं म्हणाल तर, खाशाबांनाही हेलसिंकीला जाण्यासाठी झगडावं लागलं होतं. मैदानात स्वतःला सिद्ध करायची संधी मिळाली म्हणून ते गेले. पैशासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवलं. मैदानात संधीच दिली नसती, तर स्वतंत्र भारताला वैयक्तिक पदक मिळायला किती वर्षं लागली असती, विचार करा. रेवाच्या आई, तुमच्या लेकीला सांगा हे.

विधिज्ञ_ठाणे

बापू, सुंदर लिहिलंत. पण एक उलट बाजूही मांडते, कारण ती आपल्याच राज्यातली आहे.

२०१६, रिओ ऑलिंपिक, ७४ किलो. तीन वेळचे महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांनी २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून भारतासाठी जागा मिळवली. दोन ऑलिंपिक पदकं नावावर असलेले सुशील कुमार म्हणाले, आमच्या दोघांची चाचणी घ्या, जो जिंकेल तो जाईल. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. तेव्हा इथे बहुतेक सगळे काय म्हणत होते आठवतं? "ज्याने परदेशात जाऊन पदक आणलं त्याला पुन्हा चाचणी कशाला?" मीही तेच म्हणत होते आणि आजही म्हणेन.

म्हणजे 'मागची कामगिरी धरा' हे तत्त्व आपल्याला एका जागी न्याय्य वाटतं आणि दुसऱ्या जागी अन्याय. माझ्या मते दोष कुठल्याच तत्त्वात नाही. दोष असतो तो निकष आधी जाहीर न करण्यात. रेवाच्या आई, चाचणीच्या आधी 'मागच्या पदकांना वजन आहे' असं लेखी कळवलं होतं का?

रेवाची_आई

नाही. परिपत्रकात फक्त तारीख, वजनाची वेळ आणि आधार कार्ड आणायचं, एवढंच होतं.

विधिज्ञ_ठाणे

मग तुमची तक्रार रास्त आहे, आणि तानीच्या निवडीपेक्षा ती वेगळी आहे. तिथे निदान समिती काय काय धरते हे सगळ्यांना माहीत होतं. लेखी अर्ज करा, भाषा सौम्य ठेवा, पुढच्या चाचणीचे निकष आधी कळवा एवढंच मागा.

दोन_लेकरांची

मला कुणी रागावलं तरी चालेल, मी तानीच्या बाजूने आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये ती फुकुमीकडून हरली तेव्हा तिचं मूल जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. दोन वर्षं स्पर्धा नाही, आणि वय ३१. त्या स्थितीत ती अंतिम फेरीपर्यंत आली हेच मला थक्क करतं. सप्टेंबरमध्ये रिओ दि जानेरोत क्युबाच्या यानेत बर्मोयला हरवून तिने सातवं अजिंक्यपद घेतलं. समितीला जे दिसलं ते खरं निघालं ना?

माझं पहिलं बाळंतपण झाल्यावर मी सहा महिन्यांनी नोकरीवर गेले, तर माझी जागा दुसऱ्याला दिलेली. "तुम्ही आता पूर्वीसारखं करू शकाल का", असं तोंडावर विचारलं. आई झालेल्या बाईवर कुणी विश्वास टाकला, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. म्हणून मला ती निवड आवडते.

सुमेधा_ना

दोन_लेकरांची ताई, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण तुमची जागा दुसऱ्याला दिली म्हणून तुम्हाला जे वाटलं, तेच फुकुमीला वाटलं असेल. तिने सिद्ध करायचं तरी किती? २००२ मध्ये १६ वर्षांची शाळकरी पोर असताना तिने तानीला हरवलं, जपानी खेळाडूंविरुद्धची सलग ६५ विजयांची मालिका तोडली. २००७ मध्ये पुन्हा हरवलं. तानीला दोनदा हरवणारी जपानी खेळाडू, आणि ती घरी.

दोन_लेकरांची

हो, हे मात्र लागलं मनाला. खरंच.

क्रीडावेडा_पुणे

मजा बघा: बार्सिलोनात तामुरा १६ ची, अटलांटात तिला हरवणारी क्ये १६ ची, आणि २००२ ची फुकुमीही १६ ची. ज्या वाटेने ती आली त्याच वाटेने इतर दोघी आल्या.

ओसाकावासी

फुकुमीचं पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण तिथे हा प्रश्न उलटा फिरतो.

बीजिंगला तानी उपांत्य फेरीत रोमानियाच्या अलिना दुमित्रूकडून हरली. लढतीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात निष्क्रियतेचा शिदो मिळाला आणि तेवढ्यावर सामना गेला. दुमित्रूने सुवर्ण घेतलं. तानीने त्यानंतरच्या लढतीत रशियन खेळाडूला इप्पॉनने हरवून कांस्य मिळवलं. २०१० मध्ये ती जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेली आणि त्याच वर्षी तिने ज्युडो सोडला.

वाट मोकळी झाली. फुकुमी २००९ ला रॉटरडॅममध्ये जगज्जेती झाली. पण तोवर हारुना असामी आली. २०१० आणि २०११, दोन्ही जागतिक अंतिम फेऱ्यांत असामीने फुकुमीला हरवलं. आता सांगा, लंडन २०१२ ला कोण जायला हवं? सलग दोनदा जगज्जेती असामी. गेली कोण? फुकुमी. समितीने या वेळी तिच्या बाजूने कौल दिला. जिला एकदा बाहेर ठेवलं होतं, तिच्यासाठी दुसरी कुणीतरी घरी राहिली.

लंडनमध्ये फुकुमी उपांत्य फेरीत हरली, तीही दुमित्रूकडूनच. मग कांस्यपदकाची लढत हंगेरीच्या एव्हा चेर्नोविच्कीकडून. पाचवी. एवढी गुणी खेळाडू आणि ऑलिंपिक पदक नाही. ती लढत मी थेट पाहिली होती. बायको आणि मी, दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

तांबडी_माती

ओसाकावासी, हे मला माहीत नव्हतं. माझं मत बदललेलं नाही, पण आता फुकुमीसाठी दोन्ही बाजूंनी वाईट वाटतंय.

आणि चेर्नोविच्की हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.

क्रीडावेडा_पुणे

टोकियो! आपल्या मणिपूरच्या सुशीला लिकमाबामची पहिली लढत तिच्याशीच होती, ४८ किलोतच. सुशीला हरली, पण भारताच्या ज्युडो पथकात ती एकटीच होती. राष्ट्रकुल स्पर्धेत दोन रौप्य मिळवलेली मुलगी.

मृण्मयी_दा

मग तानीनंतर जपानला या गटात सुवर्ण मिळालंच नाही का?

ओसाकावासी

मिळालं, पण २० वर्षांनी. २०२४ ला पॅरिसमध्ये नात्सुमी त्सुनोदा, वय ३१. तानीची खासियत खाली शिरून फेकणं, तर त्सुनोदा स्वतः पाठीवर पडत पायाने समोरचीला डोक्यावरून उलटवते, तोमोए नागे. आणि खाली जमिनीवर हाताला कुलूप. दोघींचा खेळ शेजारी ठेवून बघा, एकाच गटात किती वेगळी शरीरं आणि डोकी चालतात ते दिसेल.

प्रशिक्षक_२२

उशिरा येतोय. मी मुलांना ज्युडो शिकवतो, निवड समितीतही कधीकधी बसलोय, म्हणून त्या खुर्चीतून बोलतो.

तानीला २००७ ला पाठवणं मला पटतं. २००८ ला पटत नाही. २००७ ला ती बाळंतपणानंतर परतली होती, तिचा आलेख वर जात होता. २००८ ला तिची जागतिक स्पर्धा जिंकून झाली होती, तयारीला पूर्ण वर्ष मिळालं होतं, आणि तरी घरच्या मैदानात ती हरली. दोन हारींचं वजन सारखं नाही. बीजिंगचं कांस्य हे काही अपयश नाही, पण निकालावरून निवड बरोबर की चूक ठरवू नये. यामागिशी गेली असती तर काय झालं असतं हे कुणालाच कळणार नाही, आणि तीच तर तिची तक्रार असणार.

पण मुलांच्या पातळीवर माझं मत ठाम आहे. १३ व्या वर्षी चाचणी जिंकणाऱ्यालाच पाठवावं. त्या वयात पदक आणण्यासाठी पाठवायचंच नसतं, शिकण्यासाठी पाठवायचं असतं. मागची पदकं म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं की ते मूल इतरांपेक्षा लवकर वाढलं.

रेवाच्या आई, एक विनंती. ती जेवली नाही असं लिहिलंत. वजनगटाच्या खेळात मुली राग आला, निराशा आली की जेवण सोडायला शिकतात आणि मग ती सवय राहते. तेवढं लक्ष ठेवा.

रेवाची_आई

सर, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आता जेवते ती व्यवस्थित, पण लक्ष ठेवीन.

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज काल दिला, विधिज्ञ ताईंनी सांगितलं तसाच. पोच घेतली आहे.

काल रात्री रेवाला हा धागा वाचून दाखवला, खाशाबांचं दोनदा. फुकुमी लंडनला गेली आणि असामी राहिली, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अटलांटाची लढत लाव." मला वाटलं तानीसाठी. तर ती पूर्ण लढत क्येकडे बघत होती. थांबवून थांबवून, ती डावा हात कुठे ठेवते, पाय कधी मागे घेते. तीन वेळा पाहिली. शेवटी मीच दिवा बंद केला.

फोटो काढू का, असं मी विचारलं. नको म्हणाली, बाजूला जागा आहे.

तांबडी_माती

ताई, पुढची चाचणी नाशिक विभागात असेल तर तारीख नक्की कळवा. आमच्या तालमीतली चार पोरं घेऊन ओरडायला येतो.